चुन्याखालचं बोंड

चाचा, तुमची भिंत अजून पांढरीच आहे. कापसाची जिनिंग बंद पडली, आतल्या मशिनी भंगारात गेल्या, फाटकाला गंज चढला, पण रस्त्याकडची ती लांब भिंत उभी आहे आणि तिच्यावर तुमचा चुना आहे. पुढे काही दिवाळ्यांना जिनिंगवाल्यांनी त्यावर आपले हात मारले, ते वेगळे. तळाचा हात तुमचा. यंदा या जिनिंगच्या शेडमध्ये कापसाचं प्रदर्शन भरलं आहे. आत जुने चरखे आहेत, वजनकाटे आहेत, गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या आहेत. आणि बाहेर, तुमच्या भिंतीवर, मी केलेलं एक काम आहे. त्याबद्दल ज्याला सांगायला पाहिजे तो माणूस राहिला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

काम असं आहे. रस्त्याच्या पल्याड, चहाच्या टपरीपाशी उभं राहून फोन भिंतीसमोर धरायचा. फोनच्या काचेत भिंत दिसते, फाटक दिसतं, मधून जाणारी चिखलीची यष्टी दिसते, सगळं खरं, त्या क्षणाचं. फक्त भिंतीवर जे आज नाही तेही दिसतं. आपण बाजूला सरकलो, फोन हलवला, तरी ते जागचं हलत नाही. रंगवल्यासारखं भिंतीला धरून राहतं. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. मी लोकांना सांगताना ‘भिंतीवरची दुसरी भिंत’ म्हणतो. मोठ्या शहरांतल्या म्युझियममध्ये तुटक्या मूर्तीचे हात असे दाखवतात, विटलेल्या चित्राचे मूळ रंग दाखवतात. तुम्ही लगेच विचारलं असतं, ‘अन् फोन खाली केला का?’ फोन खाली केला की काही नाही, चाचा. चुना.

हे मला कोणी शिकवलं नाही, आणि ते मी ताठ मानेनंच लिहितो. फ्लेक्स आलं, भिंती रंगवायचा आपला धंदा बसला, तेव्हा मी फ्लेक्सच्याच दुकानात कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. तिथून पुढचं सगळं व्हिडिओ पाहून शिकलो. बोलणाऱ्याचं इंग्रजी कळायचं नाही तिथे त्याचा बाण पडद्यावर कुठे जातो ते पाहायचं. आज पुण्याची माणसं मला विचारून पुढचं पाऊल टाकतात. पण कोणतीही गोष्ट कुठे उभं राहून पाहायची, हे मात्र तुमच्याकडून आलेलं आहे, आणि या कामात शेवटी तेवढंच कामी आलं.

त्या भिंतीचे दिवस मला आत्ता चालू असल्यासारखे दिसतात. बीटी कापसाचं बियाणं नवीन आहे. कंपन्यांच्या जीपगाड्या भोंगे लावून गावोगाव फिरत आहेत, अळी लागणार नाही, फवारणी वाचेल, असं सांगत आहेत. त्यांतल्या एका कंपनीनं तुम्हाला ही भिंत रंगवायला दिली आहे. फुटलेलं बोंड, माणसापेक्षा उंच, खाली कंपनीची अक्षरं. तुम्ही सुताला नीळ लावून भिंतीवर रेघा मारता, मी, तुमच्या हाताखालचा पोरगा, सुताचं दुसरं टोक धरतो. कापसाचा पांढरा रंग तुम्ही पांढऱ्यानं काढत नाही. सावलीत थोडा निळा, पोटाशी थोडा पिवळा, आणि नुसता पांढरा अगदी शेवटी, दोन-चार फटकाऱ्यांत. मी परांचीवर चढून बोंडाची कड घासूनपुसून नीट करत असतो आणि खालून तुमचा आवाज येतो.

“अबे, नाक लावून काय पाह्यतो? वास घेऊन राह्यला का चित्राचा? उतर. पल्याड जा, चहा पे, मंग सांग मले कड वाकडी हाय का सरळ.”

मी रस्ता ओलांडतो, टपरीपाशी उभा राहतो, वळून पाहतो. जवळून जो नुसता रंगांचा चिखल होता तो कापूस झालेला असतो. उचलून पिशवीत घालावा असा. “भिताड जवळून रंगवाचं अन् दुरून पाह्याचं,” तुम्ही म्हणता. “जवळून पाहाणारे दोघंच. एक रंगवणारा अन् एक पुसणारा.” तेव्हा मी हसलो होतो.

त्या बोंडानं तुमचं नाव खामगावच्या बाहेर गेलं. बाजाराला आलेली माणसं बैलगाडी थांबवून पाहायची. तुम्हीही काही लाजणारे नव्हता. दुसऱ्या कामावर जाताना मुद्दाम त्याच रस्त्यानं सायकल न्यायचा. मग हंगाम लागला, पाऊस मागेपुढे झाला, आणि दिवाळीनंतर एक दिवस टपरीवर एक शेतकरी तुम्हाला शोधत आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थट्टा होती, आणि तीच जास्त लागली.

“चाचा, बोंड तं लय भारी काढलं तुमी. पाहूनच बियाणं घेतलं म्या. पण आमच्या वावरात हे असं काऊन नाई लागलं?” त्यानं खिशातून एक हिरवं बोंड काढलं आणि अंगठ्यानं फोडलं. “हे पाहा. मधातला पाव्हणा काढाचा राह्यला तुमचा.”

आत अळी होती. टपरीवरचे सगळे हसले. तुम्ही, जे कोणालाही उलट उत्तर दिल्याशिवाय राहत नव्हता, त्या दिवशी नुसता हात पुढे केला. ते बोंड रुमालात बांधलं आणि घरी घेऊन गेला.

चाचीच्या स्वयंपाकघरातली ती दुपार मी विसरलो नाही. चाची भाकरी थापत होती आणि तुम्ही तिच्या परातीशेजारी ते किडकं बोंड ठेवलं. “या अल्ला! घाण आणून माह्या पिठापाशी ठेवली,” असं ती म्हणाली आणि परात ओढून पाठ फिरवून बसली. तुम्ही तिचीच चिनीमातीची वाटी घेऊन मला अळीचा रंग बनवायला लावला. पांढऱ्यात थोडा लाल. “हे अळी नाई, हे बर्फी हाय.” त्यात थोडा तपकिरी. “आता आजारी बर्फी.” शेवटी चाचीच मागे वळून म्हणाली, “पिवळा टाक जरासा, चामडी दिसन,” आणि रंग जमला. अंग फिकट गुलाबी, डोकं तपकिरी. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिडी लावून त्या पांढऱ्याशुभ्र बोंडात हातभर अळी काढली. बाकी काहीही बदललं नाही. कंपनीची अक्षरंही तशीच ठेवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कंपनीचा माणूस जीपमधून उतरला. “हे काय आहे?”

“अळी.”

“कोणी सांगितली काढायला?”

“बोंडानं.”

टपरीवर पुन्हा हशा झाला. तो चिडला नाही, समजुतीनं बोलला. एवढं सुंदर चित्र खराब करू नका, फक्त अळी पुसून द्या, म्हणाला. तुम्ही बराच वेळ भिंतीकडे पाहिलं, पल्याडून, जिथून पाहायचं तिथून. मग तुम्ही म्हणालात, “अळी पुसाची असन तं बोंडबी पुसतो, साहेब. एक राह्यलं का दुसरं खोटं पडते.” त्याला वाटलं, बोलायची गोष्ट आहे. मलाही वाटलं. पण तुम्ही चुना भिजवला आणि त्यात सरस घातला. ऑइल पेंटवर नुसता चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो सुटू नये म्हणूनच सरस. मी म्हणालो, “चाचा, तुमचं सगळ्यात चांगलं काम हाय हे.” तुम्ही कुंचला बुडवत म्हणाला, “म्हणूनच तं.” आधी उभे हात, मग आडवे. संध्याकाळपर्यंत भिंत कोरी. त्यानंतर तुम्ही कधी बोंड काढलं नाही. आजारपणात मला बोलावून तुमचा खारीच्या शेपटीच्या केसांचा बारीक ब्रश दिलात, तेव्हाही त्या भिंतीचा विषय निघाला नाही.

आता प्रदर्शनवाल्या ताईंचं सांगतो. पुण्याच्या आहेत, कामाला चोख, आणि माझं बोलणं ऐकून हसत नाहीत. त्यांना जुन्या कागदांत कंपनीनं काढलेला एक फोटो सापडला, बोंड नवीन असतानाचा. त्या म्हणाल्या, “काका, चुन्याखाली हे चित्र अजून असेल. अलगद चुना खरवडणारे जाणकार आहेत. मूळ चित्रच वर आणू. ते आता सगळ्यांचं आहे.”

मी नाही म्हणालो. “ज्यानं काढलं त्यानंच झाकलं, ताई. दाखवायचं असेल तर झाकण न काढता दाखवू. भिंतीला नख लावायचं नाही.” त्यांनी विचार केला आणि मानलं. खरं सांगायचं तर तेव्हापासूनच माझ्या मनात घोळत होतं की, झाकण न काढताही दाखवायचा हक्क मला आहे का? तुम्ही सरस घातला होता. मी त्या सरसातून वाट काढत होतो. शेवटी मी ठरवलं, दाखवायचं तर तुम्ही केलं ते सगळं दाखवायचं. बोंड, अळी आणि चुना. यातलं एक जरी गाळलं तर मी त्या कंपनीच्या माणसाच्या जागी जाऊन बसलो.

ताई अळीपाशी अडल्या. “फोटोत अळी नाही, काका. अळीचा पुरावा?”

“मी आहे ना.”

“तुम्ही फोटो नाही.”

रागावलो, पण मुद्दा बरोबर होता. मग मी टपरीवाल्या भाऊला घेऊन आलो. तो आता म्हातारा झाला आहे, गल्ल्यावर पोरगा बसतो.

“अळी? होती तं,” तो म्हणाला. “धामणीएवढी.”

“हातभर,” मी म्हणालो.

“अन् बोंडाच्या उजव्या कप्प्यात.”

“डाव्या कप्प्यात, भाऊ. रंग मी बनवला होता.”

“अबे, तू शिडीपाशी, तुयं तोंड भिताडात. मी रोज समोरून चहा गाळता गाळता पाह्यली. तुयाच चाचा म्हणे ना, दुरून पाहा म्हणून?” ताई हसल्या. मी हसलो नाही. अळी होती हे त्यांनी मान्य केलं, पाटीवर ‘पाहणाऱ्यांच्या आठवणीवरून’ असं लिहायचं ठरलं. डावी की उजवी, ते माझ्यावर सोडलं.

दुसरी अडचण तुम्हाला आवडली असती. फोनला कोरी पांढरी भिंत धरता येत नाही. चित्र टेकवायला त्याला खुणा लागतात, नाहीतर चित्र घसरत राहतं, सुटलेल्या धोतरासारखं. मी पल्याड उभा राहून हैराण झालो. मग भिंतीजवळ जाऊन पाहिलं, तर सरस असूनही उन्हापावसानं कुठे कुठे चुन्याचे टवके उडाले होते आणि खालून तुमचा रंग डोकावत होता. पानाचा हिरवा ठिपका, देठाचा तपकिरी, अक्षराच्या कोपऱ्याचा लाल. त्या ठिपक्यांचे मी फोटो घेतले आणि फोनला त्याच खुणा दिल्या. तेव्हापासून बोंड तसूभरही हलत नाही. तुमच्याच रंगाला धरून ते उभं आहे.

आणि अंतर तुमच्या हिशेबानं लावलं. टपरीपाशी उभं राहिलं की नुसतं बोंड दिसतं. रस्ता ओलांडून फाटकाशी आलं की अळी दिसू लागते. भिंतीशी आलं की चुन्याचे उभे हात येतात, मग आडवे, आणि सगळं पांढरं होतं. काल शेगावचं दर्शन करून आलेल्या दोघी बाया फोन धरून भिंतीपर्यंत गेल्या. “अवं, गेलं कुठं?” असं म्हणत एकीनं भिंतीला हात लावला, पांढरा झालेला तळवा पाहिला आणि पदराला पुसला. एक शेतकरी फाटकापाशीच थांबला. अळी पाहून म्हणाला, “हा तं वळखीचा हाय,” आणि तिथून पुढे गेलाच नाही.

अळी उजव्या कप्प्यात आहे. टपरीवाला भाऊ येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, हे माह्यं ऐकलं म्हणून बरोबर झालं. ताईंनाही वाटतं की मी म्हाताऱ्याचा मान ठेवला. मी कोणालाच काही बोललो नाही.

तुम्हाला सांगतो. मी कोणाचं ऐकलं नव्हतं. प्रदर्शन उघडायच्या आधी, दुपारी सगळे जेवायला गेले असताना, मी शिडी लावली आणि उजव्या कप्प्याच्या जागी नखानं चुना खरवडला. रुपयाच्या नाण्याएवढा. खाली गुलाबी होता, चाचीच्या वाटीतला, त्यात तो जरासा पिवळाही. माझ्या डाव्या कप्प्याचं काय झालं ते तुम्ही समजून घ्या. मग मी चुना भिजवला, सरस घातला, आणि तुमच्याच ब्रशनं तेवढी जागा परत झाकली. तो ठिपका बाकीच्या भिंतीपेक्षा जरा जास्त पांढरा आहे. पण पल्याडून दिसत नाही. मी रस्ता ओलांडून पाहून आलो.