तुम्हाला दिलेला दागू

अण्णा, इथे जर्मनीत, येना गावात, आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक अफार बाई राहायला आल्यात. तुम्ही असता तर चप्पलही न घालता जिना उतरला असता. काल ट्रामच्या स्टॉपवर त्यांना बाहेरगावाहून आलेला त्यांच्याकडचा एक माणूस भेटला. एक ट्राम गेली, दुसरी गेली, जर्मन माणसं चढली-उतरली, आणि या दोघांचं आपलं चाललंय. एक सांगतो, दुसरा नुसता हुंकार देतो. मला एक शब्द कळत नव्हता, पण काय चाललंय ते लगेच कळलं. दागू.

तुम्ही इथिओपियात चार वर्षं अफार मुलांना गणित शिकवून आलात ते त्यांची भाषा आणि हे दागूचं खूळ घेऊनच. वाळवंटात अफार माणसाला अफार माणूस भेटला की थांबायचं आणि खरी बातमी द्यायची. कोण गेलं, कुणाला मूल झालं, पाऊस कुठे पडला, विहिरीला पाणी आहे का. मिरजेच्या आपल्या घरातही तेच. बाहेरून आलं की आधी बसायचं आणि सगळं सांगायचं. आई वैतागायची, "अहो, पोरीला दोन घास खाऊ द्या, मग घ्या उलटतपासणी!" सातवीत मी शाळेला दांडी मारून सर्कस बघून आले आणि तुम्हाला वर्गातल्या धड्याची बातमी दिली. तुम्ही मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "तिकडे कोरड्या विहिरीला कुणी पाणी आहे म्हणालं, तर ऐकणारा तिकडे चालत जातो गं. मरतो." मला रागच आला. एका सर्कशीसाठी केवढं ते!

मग मी लग्न करून इथे आले. दर रविवारी तुमचा फोन, "हं, दे दागू." तुमचे जावई मला सोडून म्युनिकला गेले, त्याला वर्ष होत आलं तरी मी आपली सांगतेय, ऑफिसला गेलेत, अंघोळीला गेलेत. सबबी संपल्या तेव्हा म्हटलं, पाठीचं ऑपरेशन झालंय, त्यांना उठवत नाही, सगळं मलाच करावं लागतं. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात.

दीड महिन्याने तुम्ही अंथरूण धरलंत. आई मला फोन लावायला निघाली तर तुम्ही तिचा हात धरलात. "जावयांना उठवत नाही, ती कशी येईल? तिला कळवू नकोस." हे मला तेराव्याला कळलं. आई सांगताना रडत होती. अण्णा, मी इथे एकटी होते हो. मला कुणाचंही काही करायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आले असते. अकरा वर्षं झाली, आईलाही हे बोलले नाही. तुम्हाला लिहितेय, कारण हे पत्र कुठे जाणार नाहीये.

आज जिन्यात त्या बाईंना सांगितलं, माझ्या वडिलांना अफार येते. त्यांनी हातातली पिशवी खालीच ठेवली. या गावात त्यांच्या भाषेत बोलायला त्यांना कुणी नाही. डोळे पुसत म्हणाल्या, "अजून बोलतात?"

मी म्हटलं, "हो, हो, अगदी छान बोलतात." रविवारी तुम्हाला फोन लावून द्यायचं कबूल करून बसलेय मी.