मला न आलेलं हसू

रविवार, ५ जानेवारी
मेहुण्याच्या फिल्म क्लबात आज तो प्रख्यात विनोदी चित्रपट पाहिला. कृष्णधवल. लग्नातून पळालेली श्रीमंत नवरी, तिच्या मागे फरपटणारा भित्रा वकील आणि न्यायाधीशाच्या पलंगाखाली दडवलेलं बदक. मेहुणा क्लबाचा सेक्रेटरी. सुरुवातीला म्हणाला, हसून पोट दुखलं नाही तर मला येऊन सांगा.

माझं पोट ठणठणीत राहिलं. बाकी सगळे खुर्च्यांवरून घरंगळत होते. हीसुद्धा. हसता हसता हिने शेजारच्या दातांच्या डॉक्टरचा दंड धरला. मग सॉरी म्हणाली. त्याला.

निष्कर्ष: माझी विनोदाची जाण वरच्या दर्जाची आहे. घरातल्या प्रत्येक समारंभाचा माइक माझ्याकडे असतो, तो उगाच नाही.

सोमवार, ६ जानेवारी
सकाळी चहाबरोबर हिला माझा हुकमी विनोद ऐकवला. डोळ्यांवर चष्मा असताना चष्मा शोधत दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचा. ही 'हं' म्हणाली आणि दूध उतू जातंय का बघायला गेली. गॅसवर दूध नव्हतंच.

तिचा दोष नाही. त्या चित्रपटाने तिची रुची बिघडवली आहे. संकल्प: घरात रोज एक दर्जेदार विनोद.

गुरुवार, ९ जानेवारी
संकल्प तूर्त स्थगित. हिला चहा शांतपणे प्यायचा असतो म्हणे.

माझ्या चष्म्याच्या दुकानात असिस्टंटला तो चित्रपट का हसवत नाही ते सविस्तर समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, सर, पण मी तर खूप हसले. पुन्हा समजावलं. तेवढ्यात फ्रेम निवडत उभं असलेलं जोडपं निघून गेलं. घाईत असेल.

रविवार, १२ जानेवारी
घरी दुसऱ्यांदा पाहिला. पेन्सिल घेऊन. चुकाच चुका! पहिल्याच सीनमध्ये नवरीचा पाय वकिलाच्या चष्म्यावर पडतो. काचा बघता नंबर सहाच्या खाली नाही. तरी पुढे हा गृहस्थ बिनचष्म्याने भर रस्त्यात गाडी हाकतो. यात हसण्यासारखं काय आहे? गुन्हा आहे हा.

हे हिला पॉज करून सांगितलं. परत पॉज करून परत सांगितलं. मग हिने रिमोट काढून घेतला. उरलेला चित्रपट ही एकटीच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हिला असं हसताना याआधी कधी पाहिलं होतं ते आठवत बसलो. त्या नादात बऱ्याच चुका टिपायच्या राहिल्या.

बुधवार, १५ जानेवारी
मेहुण्याला फोन. म्हटलं, रविवारी मला दहा मिनिटं दे, विषय गंभीर आहे. तो म्हणाला, भावोजी, लोक सुट्टीच्या दिवशी येतात हो. मी म्हटलं, म्हणूनच. शेवटी मिळाली. हे भाषण ऐकून हिचे डोळे उघडतील.

रविवार, १९ जानेवारी
भाषण झालं. आरंभीच चष्म्याच्या नंबराचा मुद्दा घेतला. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. दुर्लक्ष केलं. पलंगाखाली बदकाला श्वास घेता येईल का, इथवर आलो तर अख्खा हॉल हसतोय. हा हसण्याचा विषय नाही, असं बजावलं. त्यावर टाळ्या. दातांच्या डॉक्टरने डोळे पुसायला रुमाल काढला.

त्या चित्रपटाला तरी एवढं हसू मिळालं होतं का? फक्त ही हसली नाही. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली होती. येताना कारण विचारलं.

"सगळे तुम्हाला हसत होते," म्हणाली. "मला नाही जमलं."

दमली असेल.

सोमवार, २० जानेवारी
चहाच्या वेळी ही म्हणाली, "तुम्हाला हसू आलं नाही, ठीक आहे. पण मला का आलं, हे एकदा तरी विचारलंत?"

ताबडतोब विचारलं. मी मोकळ्या मनाचा माणूस आहे. ती म्हणाली, चित्रपटातली ती दोघं सारखी भांडतात, एकमेकांची वाक्यं तोडतात, पण दोघांनी एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकलेलं असतं. आपल्याकडे एकच जण बोलतो. ही आणखी काही सांगणार होती, तेवढ्यात मी म्हटलं, मुद्दा छान आहे, थांब, पुढच्या भाषणासाठी लिहून घेतो. पेन्सिल शोधून आणली तर ही कामावर निघून गेलेली.

शनिवार, २५ जानेवारी
मेहुण्याचा मेसेज. भाषणाला मागणी येणार हे मला ठाऊकच होतं. उघडला. पुढच्या वेळी चित्रपटाआधी चार शब्द ताई बोलणार आहे, तिने होकार दिलाय. भावोजी, तुम्ही जरा लवकर येऊन खुर्च्या लावाल का?

काय बोलणार आहेस, म्हणून हिला विचारलं. म्हणाली, तिथेच ऐका.

आता आतल्या खोलीत तयारी चालली आहे. दार लोटलेलं. मधूनच एकटी हसते. खुर्च्या अर्धवर्तुळात लावाव्यात असं माझं मत आहे. दार वाजवून सांगावं की नको, ते अजून ठरत नाही.