अकोल्याची जोडीदारीण

३ नोव्हेंबर
अमरावतीत आले. घरमालकीण वच्छलाकाकूंनी दारातच मोर्शीची संत्री हातात दिली. पुण्याची म्हणून आधी माझी कीव केली, मग पोटभर वाढलं. कॉलेजात भगवंत सरांनी काम समजावलं. जिनिव्हाच्या यंत्रात कण एकमेकांवर आपटतात, त्यातून टॉप क्वार्कची जोडी निघते. कितीही लांब गेले तरी त्यांचं नातं तुटत नाही. एकाची दिशा वर दिसली की दुसऱ्याची खाली. जोडीतला एक कण मी तपासायचा, दुसरा अकोल्याच्या साधनाने. निकाल उघडेपर्यंत दोघींनी बोलायचं नाही, म्हणजे आकडे कुणी कुणाचे बघून वळवणार नाही. दोघीही शांत स्वभावाच्या म्हणून निवडल्या, असं सर म्हणाले. मला बरं वाटलं.

७ नोव्हेंबर
माझ्या चार दिवसांच्या कामावर सरांनी स्वतःचं नाव टाकलं. पावणेचारला मी कप भिंतीवर फोडला. मी! साधनाची धाकटी बहीण गीतांजली आमच्याच ऑफिसात आहे. संध्याकाळी ताईशी फोनवर बोलून तिने सांगितलं की ताई आठवडाभर चिडचिड करत होती, आज पावणेचारला एकदम निवली. मैनेवर उगारलेला हात तिने खाली घेतला. मैना ही साधनाची लेक, चार वर्षांची.

१० नोव्हेंबर
काल रविवार. काकूंकडे जेवून दुपारभर निवांत झोपले. आज गीतांजलीचे डोळे सुजलेले. "ताईनं काल दुपारी मैनेचा हात मोडला, मॅडम. तिले समजूनच नाही राहिलं काहून."

११ नोव्हेंबर
गीतांजलीसोबत वेळा ताडून पाहिल्या. मी तापले की साधना निवते. मी निवले की ती तापते. दर वेळी. सरांना सांगितलं. ते म्हणाले, योगायोग असेल, आणि नियम मोडलात तर काम वाया जाईल. लेकराचा हात मोडला आणि या माणसाला कामाची पडलीय! मूर्ख. नीच. लिहितानाही राग चढतोय. चढू दे.

१२ नोव्हेंबर, सकाळी ११
नियम गेला चुलीत. साधनाला फोन केला. ती रडत होती. घरात दुसरं कुणी नाही, नव्या वस्तीत शेजार नाही, आणि मैना गळ्यातला हात सोडत नाही. गीतांजली बसने निघाली, अडीच तासांत पोचेल, लेकराला घेऊन बाहेर पडेल. साधना म्हणाली, "तवरक तुमी तापूनच राहा, ताई."

१२.१०
सर. कप. माझं नाव खोडलं. मोडलेला हात. परत सर.

१२.५०
तेच तेच आठवतेय — धार बोथट होतेय. रात्रभर झोप नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. फक्त दुखलं.

१.०५
काकू आल्या. जा म्हणून ओरडले. गेल्या नाहीत. संत्रं सोलताहेत. "काहून एवढी तापून राहिली वं माय? खाय थोडंसं."

१.१०
डोक्यावर हात ठेवला. काकू, नको — हात काढा — गीतांजलीचा फोन अजून —

केसांतून बोटं फिरवताहेत. आईसारखी. नको. किती बरं वाट