टायर तुझ्या मापाचे

प्रिय भिंगरी,

तुझा मेसेज मिळाला. 'नमस्कार. गाडी विकून टाकावी असं वाटतं. इथे ठेवायला जागा नाही आणि चालवणंही होत नाही. तुम्हाला त्रास होणार नसेल तर गिऱ्हाईक बघाल का?' बस, एवढाच. मी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. त्यातलं 'नमस्कार' मला फार लागलं. या घरात आल्यापासून तुझा प्रत्येक मेसेज 'आई,' असा सुरू व्हायचा, मग पुढे 'येताना दूध आणते' असो की 'गोळी घेतलीत का' असो. आता नमस्कार. बँकेतून आल्यासारखा. असो, त्यावर मी शेवटी येणार आहे. आधी टायरची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मी इथे काय उद्योग करून बसलेय ते तुला कळणार नाही.

तू सांगितलंस म्हणून मी निमूटपणे गिऱ्हाईक शोधायला घेतलं. खोटं कशाला बोलू, जिवावर आलं होतं. तू गेलीस तेव्हा तुझी पुस्तकं, कपडे, ती पाठ दुखवणारी खुर्ची, सगळं एका टेम्पोत मावलं. गाडी तेवढी गॅरेजमध्ये राहिली, नंतर नेते म्हणालीस. त्या 'नंतर'वर मी दीड वर्ष काढलं. तुझं आणि आमच्या चिरंजिवांचं जमलं नाही, ते मी मान्य केलं आहे. दोघांनी समजुतीने घेतलं, भांडीकुंडी आपटली नाहीत, यातच मी समाधान मानलं. पण गॅरेजमध्ये तुझी निळी स्पोर्ट्स कार होती तोवर कधीतरी तू येशील, किल्ली मागशील, दोन घास खाऊन जाशील, असं मला वाटायचं. ती गेली की तुला या दारात पाऊल टाकायला निमित्तच राहणार नाही. हे मी तेव्हा कोणाजवळ बोलले नाही. आता तुझ्याजवळ बोलतेय.

तर गिऱ्हाईक मिळालं. पलीकडच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. स्वतःचे दात इतके पांढरे की समोर बसलं तर डोळे दिपतात. गाडीवरचं कापड काढल्याबरोबर त्याने तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, आरशात स्वतःला पाहिलं आणि पसंत आहे म्हणाला. इंजिन सुरू करून बघा म्हटलं तर कशाला म्हणे. त्याला ती घराच्या पुढ्यात उभी करायची आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. फक्त टायरना भेगा पडल्यात, ते बदलून द्या म्हणाला. कुठले घालू विचारलं तर म्हणतो कसा, काकू, काहीही घाला, गोल असले म्हणजे झालं! मी हसले खरी, पण मनात म्हटलं, हा तुझी गाडी घेऊन जाणार आणि तिच्यावर कुंड्या ठेवणार.

टायर मीही वाकून बघितले. नक्षी अजून चांगली खोल होती, वरून बघणाऱ्याला नव्यासारखे वाटतील. पण बाजूला बारीक बारीक चिरा, आणि नखाने दाबलं तर रबर दाबलंच जाईना. तू मला शिकवलं होतंस ते आठवलं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, आधीचे दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. औषधाच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला तू टायरचीही एक्स्पायरी असते असं सांगितलंस तेव्हा मला कोण आनंद झाला होता! त्यानंतर मी आल्यागेल्याच्या गाडीचे टायर वाकून वाचायचे आणि तू लाजेने गॅरेजमध्ये पळायचीस. तुझ्या टायरची मुदत उभ्या उभ्याच संपून गेली होती.

टायरच्या दुकानात गाडी मीच घेऊन गेले. हो, मीच. तोंड मिट. दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं, हवा भरा आणि अगदी सावकाश या. मी इतक्या सावकाश गेले की एका सायकलवाल्याने मागे वळून काळजीने पाहिलं. तुझी ती गाडी जरा पाय ठेवला की गुरगुरते आणि मी तिला आपली 'हो गं बाई, हो गं बाई' करत, जीव मुठीत धरून चालवतेय. दीड वर्ष एका जागी उभी राहून टायर खालून चपटे झालेले, त्यामुळे सगळा रस्ता ढब ढब ढब. दुकानासमोर पोचले तर मला बाहेर पडता येईना. सीट जमिनीला टेकलेली, गुडघे माझे हे असे. शेवटी दुकानदार आणि त्याचा मेकॅनिक अशा दोघांनी एकेका हाताला धरून मला उपटून काढलं. तू असतीस तर आधी फोटो काढला असतास आणि मग हात दिला असतास.

दुकानदार बोलका निघाला. चष्मा कपाळावर आणि तोच चष्मा शोधत दुकानभर फिरणारा. अशी गाडी त्याच्या दुकानात फारशी येत नसावी, कारण हातातलं काम टाकून तो तिच्याभोवती बसला. म्हणाला, हिला पुढचे टायर वेगळे आणि मागचे वेगळे लागतात, मागचे रुंद. ते मला ठाऊक होतं. मग त्याने तीन प्रकार सांगितले. एक रेसच्या ट्रॅकवरचे, मऊ रबराचे. कोरड्या, तापलेल्या रस्त्याला चिकटून राहतात, पण पावसात आणि थंडीत भरवशाचे नाहीत आणि झिजतातही लवकर. दुसरे कडक. वर्षानुवर्षं टिकतील, पण असल्या गाडीला ते घालणं म्हणजे नर्तकीला गमबूट घालण्यासारखं, हे त्याचे शब्द. तिसरे मधले. रस्त्यावर वेगाने चालवायचे, वळणावर पकड सोडायची नाही, आणि पाणी बाहेर फेकायला खोल चर असलेले. मी विचारलं, चांगले कुठले? तो म्हणाला, तसं सांगता येत नाही काकू, आधी गाडी कोण चालवतं ते सांगा.

इथे मी घोळ केला. मी म्हटलं, माझी सून.

मग त्याने मला प्रश्नांनी भंडावून सोडलं आणि मी उत्तरं देत सुटले. जास्त कुठे चालवतात, गावात की हायवेला? म्हटलं, घाटात. सुट्टी मिळाली की पहाटे उठून घाटात जाते आणि नाश्त्याला परत. ब्रेक कसा मारतात? म्हटलं, वळण अगदी जवळ येईपर्यंत मारत नाही, शेजारी बसणारा देवाचं नाव घेतो, पण मारते तेव्हा लोण्यातून सुरी फिरावी तसा. पावसात चालवतात? म्हटलं, पावसात तर हटकून. आणि रस्त्यात कुत्रं दिसलं की इतकी हळू करते की कुत्रंच कंटाळून बाजूला होतं. तो काढलेला पुढचा टायर हातात धरून बघत होता. नक्षी खोल असली तरी त्याची बाहेरची कड जराशी झिजलेली. बोट फिरवून म्हणाला, वळणं आवडतात वाटतं सूनबाईंना. मी म्हटलं, वळणांसाठीच जाते ती, पोचायची घाई तिला कधीच नसते. हे सांगताना माझी मान इतकी ताठ झाली होती की विचारू नकोस.

आणि सांगता सांगता मला तो दिवस आठवला. तुझे सासरे गेल्यानंतर मी घराबाहेर पडायचं सोडलं होतं. सगळे येऊन समजावून जात. चिरंजीव बिचारा रोज माझ्यासमोर बसायचा आणि काय बोलावं ते न सुचून पेपर वाचायचा. तू मात्र एका दुपारी आलीस, माझी शाल माझ्या अंगावर टाकलीस आणि म्हणालीस, आई, चला, बसा. कुठे, कशाला, काही सांगितलं नाहीस. बाहेर पाऊस कोसळत होता. पूर्ण घाट तू एक शब्द बोलली नाहीस आणि मी दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. वरच्या एका वळणावर गाडी अशी काही झोकात वळली की माझ्या तोंडून किंचाळी निघाली आणि किंचाळता किंचाळता मी हसायला लागले. किती दिवसांनी हसले होते मी. मग रडले. तू गाडी बाजूला घेतलीस, वायपर चालू ठेवलेस आणि मला पोटभर रडू दिलंस. आपण गरम कॉफी पिऊन परत आलो आणि घरी कोणाला काही सांगितलं नाही. चिरंजीवाला आजही वाटतं की आपण चष्म्याच्या दुकानात गेलो होतो.

तर, तिसऱ्या प्रकारचे टायर घ्यायचे ठरले. पावसाचे, घाटाचे, तुझे. तो आतून चार घेऊन आला. मी वाकले आणि आकडे वाचले. दोन ताजे होते, दोन केव्हाचे गोदामात पडलेले. म्हटलं, हे दोन परत ठेवा, एका गाडीला एकाच वेळचे हवेत. तो आधी नाही नाही म्हणाला, मग कपाळावर चष्मा सापडला, आकडे वाचले आणि हसत हसत दुसरे आणायला गेला. चारही चाकं बसली, तोल साधून झाला, नट आवळून झाले. गाडी खाली उतरली तेव्हा ती मला पूर्वीसारखी दिसली, तू किल्ली घेऊन आतून येतेयस असं वाटायला लावणारी. तेवढ्यात दुकानदाराने सहज विचारलं, सूनबाई कधी येतायत गाडी न्यायला? आणि मी भानावर आले. गाडी दातवाल्याला द्यायची होती. त्याला काहीही गोल चाललं असतं. मी मात्र अख्खी दुपार तुझ्यासाठी टायर निवडत बसले होते, आणि त्या दुपारभर तू माझी सून होतीस.

संध्याकाळी चिरंजीव आला. गॅरेजमध्ये वाकून त्याने टायरवर हात फिरवला. त्याला त्यातलं काही कळत नाही हे तुला माहीतच आहे, स्कूटर वळली तरी त्याला मळमळतं. पण म्हणाला, आई, हे दाताच्या डॉक्टरसाठी नाही घेतलेस तू. मी गाडीवर कापड ओढायला घेतलं. त्याने कापडाचं दुसरं टोक धरलं. मग म्हणाला, तिचं माझं जे होतं ते संपलं, पण तुम्हा दोघींचं काय ते तुम्ही बघा, त्यात मी पडणार नाही. इतकं शहाण्यासारखं तो बऱ्याच दिवसांनी बोलला. तेव्हा मी तुला परत त्याच्या गळ्यात बांधायला जाळं टाकतेय असा संशय घेऊ नकोस. तसलं काही माझ्या मनात नाही.

दुसऱ्या दिवशी मी दातवाल्याला गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. गाडी तुझी, तुला न विचारता नाही म्हणण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता. हा आगाऊपणा झाला, ठाऊक आहे. रागवायचं असेल तर रागव, पण फोनवर नाही. इथे येऊन, समोर उभी राहून रागव.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. दुकानदार म्हणाला, नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत पहिले तीनएकशे किलोमीटर जपून चालवायची. जोरात ब्रेक नाही, वळणावर झोकणं नाही. मी नकाशा काढून बघितला. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत जवळपास तेवढाच रस्ता आहे. तू ये. मी शेजारी बसते, थर्मास भरून घेते, शाल घेते. आयुष्यात एकदा तरी तुला हळू गाडी चालवताना बघू दे. तुझं नवं घर बघेन, तुझ्या स्वयंपाकघरात दोन दिवस लुडबुड करेन आणि बसने परत येईन. त्यानंतर गाडी ठेव, वीक, तिच्यात कुंड्या लाव, मी एक अक्षर बोलणार नाही. कागदांवर तुझं-त्याचं नातं मिटलं, पण तुझं-माझं कुठल्याच कागदावर नव्हतं, मग ते कोणी आणि कसं मिटवलं? मला तुझी फार आठवण येते गं. आता तुला मला काय म्हणावं ते कळत नसेल, म्हणून तू नमस्कार केलास, हे मला समजतं. पण मला दुसरं काही म्हणवून घ्यायचं नाही. येतेस की नाही ते एका ओळीत कळव. फक्त त्या ओळीची सुरुवात पहिल्यासारखी कर.

तुझीच,
आई