कुलपातली खेळणी

प्रिय आई,

तुला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस लिहायला बसले की रडू यायचं, आणि कागद तसाच राहायचा. आज रडू येत नाहीये. आज मी भांडून आले आहे, आणि ते सांगायला मला तूच हवी आहेस.

सांचीच्या नर्सरीतून बोलावणं होतं. तीच प्रताप नगरातली, चकचकीत. टीचर म्हणाल्या, "मॅडम, सांची क्लासमध्ये फार खेळते. पन्नासपर्यंत लिहीत नाही. नर्सरी रिपीट करावी लागेल."

चार वर्षांची पोर गं! नापास!

"काय खेळते?" मी विचारलं. तर म्हणे, खोडरबराची नाव करते आणि पेन्सिलच्या सालींचे मासे पकडते. म्हणून आठवडाभर तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. आठवडाभर! रोज सकाळी ती "पोट दुखते" म्हणायची आणि मी मूर्ख तिला ओव्याचं पाणी पाजून शाळेत सोडत होते.

तिथे एक काचेचं कपाट आहे. ठोकळे, बाहुल्या, लाकडी भाजी, सगळं आत, वरचं प्लास्टिकही न काढलेलं. मी म्हटलं, हे उघडा. टीचर म्हणाल्या, "मुलं तोडतात ना. किल्ली प्रिन्सिपल मॅडमकडे असते."

मग मात्र माझा आवाज चढला. "लेकरं बंद करून ठेवता अन् खेळणी कुलपात? काहून मांडली मग? आम्हाले दाखवाले?" ऑफिसातून माणसं बाहेर आली. मी सांचीचं दप्तर उचललं, तिचा हात धरला आणि निघाले.

रिक्षात बसल्यावर राग उलटा माझ्यावरच आला. आठवतं ना तुला? गेल्या वर्षी तू म्हणालीस, "सांचीले माह्या अंगणवाडीत पाठव वं. मी पाहीन." जरीपटक्यामागच्या वस्तीतली तुझी ती एक खोली. मी काय म्हटलं? "माती कालवून अन् चिंचोके मोजून कोणाचं भलं झालं, आई?"

मी म्हटलं हे! त्याच खोलीत मी चिंचोके मोजत मोठी झाले होते.

तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि हातावरची माती धुवायला मोरीत गेलीस. का गेलीस? सुपरवायझर बाईंना तू भर मीटिंगमध्ये सुनावलं होतंस, "आधी बोटाईत जोर येऊ द्या, मंग पेन्सिल आपोआप धरते." त्यांना बोललीस, मग पोटच्या पोरीला का सोडलंस? एक थोबाडीत का दिली नाहीस मला? त्या 'बरं'चा मला आजही राग येतो.

आणि मंजू? चार महिने एक शब्द न बोललेली ती मुलगी. तिची आई रडायची, सगळे म्हणायचे मुकी आहे. तू पोरांची रांग करून बस केलीस आणि मंजूला कंडक्टर. बस सुटेना, कारण कंडक्टर बोलेना. पोरं कंटाळली, ओरडायला लागली, तू मात्र कोणालाच उतरू दिलं नाहीस. आणि मंजू एकदम खापा गावच्या बसच्या कंडक्टरसारखी किंचाळली, "खापा, खापा! चढा लवकर!" मी कॉलेजातून येऊन दारात उभी होते. तू हसून म्हणालीस, "बोलाले काही कारण तर लागते ना लेकराले!"

हे डोळ्यांनी पाहिलेली मी, आई. तरी मला चकचकीत फरशी हवी होती.

आज रिक्षा घराकडे नेलीच नाही. तुझ्या अंगणवाडीत गेले. तुझ्या जागी आलेल्या रेखाताईंनी सांचीसमोर ओल्या मातीचा गोळा ठेवला. सांची बसली. हात मागे बांधून, तोंड मिटून. बाकीची पोरं कोपरापर्यंत माखलेली आणि ही तशीच. बऱ्याच वेळाने माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मम्मा, हात लावू? टीचर रागावणार नाही?"

मातीला हात लावायला परवानगी मागते तुझी नात! कोणी केलं तिचं असं? शाळेने केलं, आणि रोज वेळेवर नेऊन सोडणाऱ्या मीही केलं.

घरी तुझे जावई प्रशांत म्हणाले, "जरा शांत हो, दुसरीकडे अ‍ॅडमिशन कशी मिळेल?" मी म्हटलं, शांत होणार नाही.

सांची उद्यापासून रेखाताईंकडे जाईल. आणि मी त्या शाळेच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येक आईला सांगेन की तुझं लेकरू खेळून राहिलं म्हणजे शिकूनच राहिलं. माझी चूक आधी सांगेन, मग शाळेची. हसतील, हसू देत. हे माझं तुला वचन. तुझ्यासारखं 'बरं' म्हणून मी मोरीत जाणार नाही.

तुझ्यावर अजून चिडलेली,
तुझीच वर्षा