टोलीचा वॉल

पाइपाला कान लावून मी टेकाडावरच्या वस्तीत, टोलीत, पाणी सोडायच्या वॉलपाशी बसले होते, बाबा, आणि आत काहीच वाजत नव्हतं. तुम्ही असेच बसायचात. ग्रामपंचायतीचं पाणी सोडणारे तुम्ही; नुसत्या आवाजावरून सांगायचात, पाणी कुठवर पोचलं ते. मागून एक म्हातारी म्हणाली, "नळ नवा हाये, बाई. हवा भल्ली गार येते." बाया हसल्या, मीही हसले. पाण्याचं वेळापत्रक नागपूरच्या ऑफिसात ठरतं, असं सांगून उठले.

आपली नळयोजना आता कंपनी चालवते आणि मी त्या कंपनीची इंजिनिअर आहे. हे तुम्हाला कसं सांगितलं असतं, याचा विचार करते. मोटार जळली की तुम्ही पंधरा-पंधरा दिवस सेलूला खेटे घालायचात. आता दुसऱ्या दिवशी नवी बसते. पाण्याला वास येत नाही. हे तुम्हाला आवडलं असतं. फक्त टाकीजवळच्या गल्ल्या आधी भरतात आणि टेकाडावरच्या टोलीपर्यंत जोर उरत नाही. मोठ्या गल्लीत जरा उशीर झाला की फोन येतो. टोलीतून कोणी फोन करत नाही, म्हणून कॉम्प्युटरमध्ये टोलीची एकही तक्रार नाही.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी आठवीत आहे. तुम्हाला ताप आहे, वॉलची चावी माझ्याकडे. मी आपली गल्ली आधी उघडते, आई घरातलं सगळं भरून घेते, आणि शाबासकी मिळेल म्हणून मी तुमच्या खाटेपाशी येते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून विचारता, "टोलीले सोडलं का?" मी चावी पाठीमागे लपवते. "आधी टोली, मंग गाव, मंग आपण. सोडणाऱ्याच्या घरी पाणी शेवटीच येते, पोरी." आणि तापातच उठून टेकाड चढता.

तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो. शब्द आठवतात, आवाज येत नाही.

एक सांगायचं राहिलं. वेळापत्रक नागपुरात ठरलं नाही. ते मी केलं. कमीत कमी वेळात जास्तीत जास्त घरं, असं गणित होतं. त्यात टोली शेवटी गेली, तेव्हा मला काहीच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी टोलीचा वॉल आधी उघडला. सातला मोठ्या गल्लीतून पहिला फोन आला. पाणी टोलीत सुरू आहे, तुमच्याकडे आठला येईल, असं सांगितलं. त्यांनी कोणी ठरवलं म्हणून विचारलं, तेव्हा माझं नाव सांगितलं.