बिनधुराची गाडी आणि करंजीचा घाट

श्रीगोंदे,
चैत्र वद्य पंचमी, १९७१

तीर्थस्वरूप राधाकृष्ण दाजी यांच्या चरणी सहादेवचा दंडवत.

इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन बरे आहोत. तिकडे कोपरगावी तुमचा गुडघा, अक्काचा खोकला आणि उसाचं पाणी ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. खोकल्याची चौकशी करताना माझी मान आपोआप खाली जाते, कारण तो तिला माझ्याच ट्रकने दिलेला आहे. मागच्या वर्षी मी तुमच्या भावकीचं वऱ्हाड नेलं तेव्हा हौद्यात बसलेल्या बायका पांढऱ्याधोप चढल्या आणि उतरताना लग्नघरच्यांनी विचारलं की ही मंडळी कोळशाच्या वखारीवरून आली का. (तुमचं उपरणं धुतल्यावरसुद्धा करडंच राहिलं हे मला आमच्या कारभारणीकडून, रतनबाईकडून कळलं. तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.) म्हणूनच चि. गोरक्षच्या लग्नाला मामाची गाडी द्यायचं मी कबूल केलं तेव्हा अक्काने अट घातली, की गाडी धूर बंद करून, पास करून आण, नाहीतर वऱ्हाड एस.टी.ने जाईल. दाजी, भाच्याचं वऱ्हाड एस.टी.ने गेलं आणि मामाचा ट्रक दारात उभा राहिला, तर मला श्रीगोंद्यात तोंड दाखवायला जागा राहील का? तेव्हा पासिंगची हकिकत सविस्तर कळवतो.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होतो तेव्हापासून आवाजावरून गाडी ओळखतो. वेशीबाहेर हॉर्नसुद्धा न वाजवता कुणी आला तर मी ओट्यावरून सांगतो, अमक्याची गाडी आहे आणि तिसऱ्या गिअरला कुरकुरते आहे. याच कानांच्या जोरावर एक गाडी घेतली, चार माणसांत बसायला लागलो. माझ्या इंजिनाचा आवाज म्हणाल तर भजनातल्या पखवाजासारखा. त्यामुळे तिला काही दुखणं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. धूर नेहमी गाडीच्या मागे असतो, आणि मी आयुष्यभर पुढे बघून गाडी चालवली. मागचे लोक काय भोगत होते ते त्यांनाच माहीत.

मग मी भिंगारला बाबाजान मिस्त्रीकडे गेलो. त्याने डिझेलच्या पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. झालं होतं असं, की उसाच्या हंगामात दीडपट माल चढावा म्हणून मीच त्याच्याकडून पंपाचा स्क्रू सोडून घेतला होता. गाडी डिझेल ढसाढसा पीत होती आणि पचेना ते काळं करून बाहेर टाकत होती. (आपल्या भावकीतही असे दोघे-तिघे आहेत, पण ते पत्रात नको.) बाबाजान म्हणाला, "सहादेवराव, स्क्रू आवळतो, धूर जाईल. पन ताकद बी जाईल. दोन्ही एकाच नळीतून येतात." मी म्हटलं, आवळ. पासिंगपुरता आवळ, नंतर बघू.

त्याआधी मी नगरला जाऊन टेहळणीही करून आलो होतो. पासिंगच्या मैदानाला लागून एक चहाचं हॉटेल आहे. मधे गोणपाटाचा आडोसा, अलीकडे आपण, पलीकडे साहेबलोक. मी अलीकडे बसून एक चहा इतका पुरवला, की मालकाने कप दोनदा उचलून बघितला. पलीकडचा शब्द न् शब्द कानात आला. नवे साहेब सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरतात, रुमाल काळा झाला की गाडी नापास. त्यांचं पहिलं लक्ष धुरावर. एका कपात एवढी विद्या कुठल्या कॉलेजात मिळते सांगा.

एवढी तयारी झाल्यावर घात केला तो आपल्या रीतीने. नगरला ट्रक रिकामा निघाला आहे, ही बातमी गावात पहाटेच फिरली. आता रिकाम्या गाडीत कुणाला नाही म्हणायचं? रतनबाईच म्हणाली, एवढा मोठा हौदा रिकामा नेणं बरं दिसतं का. मग दवाखान्याची माणसं चढली, कोर्टाच्या तारखेची चढली, कांद्याची पोती चढली, एक शेळी चढली, आणि लेकीकडे निघालेल्या राहीबाई आजी केबिनमध्ये माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या. श्रीगोंद्यापासून सपाटीला गाडी बरी चालली. मैदानाच्या अलीकडे छोटासा चढ आहे, सायकलवाला उतरतही नाही असा. तिथे माझ्या गाडीने एक सुस्कारा टाकला आणि उभी राहिली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. शेवटी कोर्टवाले उतरले, दवाखानेवाले उतरले, दुखणं विसरून त्यांनी खांदे लावले, आणि अशा थाटात आमची स्वारी पासिंगच्या मैदानात शिरली. मी चक्राशी ताठ बसलो होतो. पालखीत मिरवणाऱ्या देवासारखा.

साहेब समोरच उभे. वयाने तरणे, इस्त्रीचे कपडे. मी खाली उडी मारली आणि अगोदर पाठ केलेलं वाक्य बोलून गेलो, की साहेब, बघा, धुराचं नाव नाही. साहेब म्हणाले, "खरं आहे. बैलगाडीलाही नसतो."

मालाच्या गाडीत माणसं कशी, हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माणसं गाडीत कुठे आहेत, सगळी गाडीच्या मागे आहेत. एवढ्यात राहीबाई आजी केबिनमधून उतरल्या आणि मला मदत करायच्या भरात म्हणाल्या, "लई गुणाची गाडी हाय सायेब. ढकलली की चालती."

माझे कान, दाजी, त्या दिवशी पहिल्यांदा नको झाले.

पण साहेब हसले. तंबी देऊन त्यांनी हौदा रिकामा करायला लावला, शेळीसकट. रिकामी गाडी मैदानाला दोन फेऱ्या मारून आली, नव्या सुनेसारखी, आवाज न करता. साहेबांनी रुमाल धरला. रुमाल पांढरा राहिला. ब्रेक, दिवे, हॉर्न सगळं पाहून त्यांनी सही केली. गाडी पास झाली! तेव्हा अक्काला सांगा, वऱ्हाड मामाच्याच गाडीतून जाईल. कुणाच्याही अंगावर काळा ठिपका दिसला तर माझं नाव बदला. थोरांना नमस्कार, गोरक्षला आशीर्वाद, लहानग्यांचे गालगुच्चे घ्या.

आपला आज्ञाधारक,
सहादेव

ता. क. पास झाल्याच्या आनंदात मी भिंगारहून आलेल्या बाबाजानला त्याच हॉटेलात चहाला नेलं. मोठ्याने सांगितलं, की काम झालं, आता स्क्रू दोन आटे सोड, करंजीचा घाट आहे. गोणपाटाच्या पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कान तिखट असलेला मी एकटाच नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. साहेब चहा अर्धा टाकून आले, पंपाच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील ठोकलं आणि म्हणाले, हे तुटलं की पासिंग तुटलं.

दुसरा ता. क. नवरीचं गाव घाटाखाली आहे, त्यामुळे जाताना काळजी नाही, गाडी आपणहून उतरेल. येताना मात्र चढ आहे, आणि गाडीत सूनबाई, तिची पेटी आणि रुखवताची भांडी असतील. तेव्हा हे पत्र लिहिण्याचं कारण असं, की वऱ्हाडात म्हाताऱ्यांना यंदा आराम द्यावा आणि तुमच्या तालमीतली दहा-बारा पोरं आग्रहाने घ्यावीत. त्यांना कारण सांगू नये. जेवायला भरपूर वाढावं.

शेवटचा ता. क. अक्काला हे पत्र माझ्या सहीपर्यंतच वाचून दाखवावं. तिची अट मी पुरी केली आहे. सूनबाई नेसतील तसाच उजळ शालू तुमच्या दारी येईल. केव्हा येईल, ते मात्र विचारू नये.